तीनदा सुरू, तीनदा बंद

(अंगणात उभी गाडी, काचेवर हिमाचा थर)

विनिपेग. जानेवारीतली सकाळ, तापमान उणे २६. गाडीच्या पुढच्या जाळीतून लोंबतेय ती वायर इंजिनाच्या हीटरची. रात्रभर घराच्या प्लगला लावलेली असते. इथे गाडीलाही पांघरूण लागतं.

आता घरातूनच गाडी सुरू करायचा रिमोट दाबलाय. पार्किंगचे दिवे लुकलुकले. सेल्फ फिरला, इंजिन लागलं... बंद. पुन्हा सेल्फ, पुन्हा बंद. तिसऱ्यांदाही तेच, आणि मग गाडी गप्प. किल्लीने मात्र पहिल्या फटक्यात सुरू होते.

रिमोट स्टार्टर बसवून आठवडा झालाय. कोणी बसवला ते राहू द्या, काम बघा.

(गॅरेज. स्टिअरिंगखालचं पॅनेल काढलेलं)

काका मूळचे सांगलीचे. तिकडेही गाड्यांचं वायरिंगच करायचे. मनगटाएवढी ही जुडी बघून आपल्याला घाम फुटेल, पण त्यांची नजर आधी डॅशबोर्डवर जाते, किल्लीचं चित्र असलेल्या दिव्याकडे. सप्टेंबर २००७ पासून कॅनडात नव्या गाड्यांना इमोबिलायझर सक्तीचा आहे. किल्लीतली चिप ओळखली नाही, तर गाडी चालूच राहत नाही. म्हणून रिमोट स्टार्टरसोबत बायपासची एक डबी बसवतात. ती गाडीला सांगते, किल्ली इथेच आहे. गडबड तिथे असती, तर हा दिवा उघडझाप करत राहिला असता. दिवा शांत आहे.

उरली टॅकची वायर. इंजिन किती वेगाने फिरतंय, हे स्टार्टरला या वायरीतून कळतं. नाही कळलं, तर त्याला वाटतं इंजिन लागलंच नाही. मग तो सगळं बंद करून पुन्हा सेल्फ मारतो.

मीटर एसी व्होल्टवर. किल्लीने इंजिन सुरू. गाडीच्या मूळ वायरीवर दोनेक व्होल्ट, रेस दिली की आकडा चढतो. जोडाच्या पलीकडे, स्टार्टरच्या बाजूला: शून्य.

हे जवळून बघा. ही निळी चिमटी, टी-टॅप. वायर सोलायची नाही, वरून दाबायची. आतलं पातं प्लास्टिक कापून तांब्याला भिडतं. भिडलं तर! निळी चिमटी जाड वायरीसाठी, बारकीला लाल. ही वायर बारकी. पातं प्लास्टिकवरच घासत राहिलंय.

काका चिमटीच्या वाटेला जातच नाहीत. वायर सोलली. पीळ दिला. डाग दिला. धुराची ती बारीक रेघ, कथील वितळून तारांमध्ये शिरताना... कॅमेरा इथे जरा जास्तच रेंगाळलाय, कबूल. वर टेप. स्टार्टरला टॅक नव्याने शिकवला, दिव्यांनी लुकलुकून होकार दिला.

रिमोट. सेल्फ. इंजिन चालू... चालूच.

काका अजून हात पुसत नाहीत. ब्रेक दाबला, इंजिन बंद. बरोबर, किल्ली न लावता असंच व्हायला हवं. पुन्हा सुरू करून बॉनेट उघडलं. चालूच! खरं तर तत्क्षणी बंद पडायला हवं. बॉनेटखाली खटका बसवलाय, पण त्याची वायर टेप गुंडाळून नुसतीच सोडून दिलेली. कुणाचा हात पट्ट्याजवळ असताना घरातून रिमोट दाबला गेला असता, तर बोटं गेली असती.

खटका जोडला. इथेही डागच.

(दुसरी सकाळ. स्वयंपाकघराची खिडकी)

गाडी उघड्यावर आहे म्हणून असं रिमोटने सुरू करून ठेवणं चालतं, बंद गॅरेजमध्ये नाही. तिथे विषारी धूर साठतो. चहा गाळला जातोय. बाहेर गाडीमागे पांढरी वाफ, आणि काचेवरचं हिम खालच्या कडेने सुटायला लागलंय.