अजून मेलो नाही

(दृश्य : पावसानं ओला झालेला दगडी रस्ता. दिव्याखाली काळा झगा घातलेला पाठमोरा माणूस.)

संध्याकाळचे सात. घड्याळात संध्याकाळ, आभाळात केव्हाच रात्र. स्कॉटलंडची राजधानी एडिंबरा, आणि महिना नोव्हेंबर. सूर्य चारच्या सुमारास मावळला. हेच जूनमध्ये आला असतात तर रात्री दहापर्यंत उजेड, आणि उजेडात भुतं दाखवायची म्हणजे भलतंच अवघड काम. आम्ही नोव्हेंबर उगीच नाही निवडला.

हा मर्कॅट क्रॉस. सेंट जाइल्स चर्चच्या पूर्वेचा दगडी खांब. आज दिसतोय तो १८८५ साली उभा राहिला, पण या चौकाची ओळख त्याहून जुनी. राजाची फर्मानं इथं वाचली जायची, चोरांना फटके इथं बसायचे. भुतांच्या टूर आता इथून निघतात.

झगेवाला आपला गाइड. त्याच्याकडे नीट बघा, कारण पुढचा सगळा खेळ त्याच्या गळ्यावर चालणार आहे. तो पायरीवर उभा राहतो आणि पाठ भिंतीला लावतो. त्याच्याकडे तोंड करून उभ्या राहिलेल्यांची पाठ मग आपोआप अंधाराकडे होते. फटक्यांचं प्रात्यक्षिक करायला त्याला गर्दीतला एक जण लागतो. हौसेनं हात वर करणाऱ्याला तो घेत नाही. मागं लपलाय त्यालाच पुढं बोलावतो.

(इथं निवेदन नको. गाइडचा आवाज, चाबकाचा फटकारा, हशा. दहा सेकंद.)

आता वर बघा.

हे शहर एका लांबट टेकडीच्या पाठीवर वसलंय. वरच्या टोकाला किल्ला, खालच्या टोकाला होलीरूडचा राजवाडा आणि मधे जेमतेम दोन किलोमीटरचा उतार, रॉयल माइल. त्याच्या दोन्ही अंगांना माशाच्या काट्यांसारखे निघालेले बोळ. इथं बोळाला 'क्लोज' म्हणतात. १५१३ मध्ये फ्लॉडनच्या लढाईत स्कॉटलंडचा राजा इंग्रजांकडून मारला गेला. धास्तावलेल्या शहरानं नवा तट बांधायला घेतला, आणि पुढची दोन-अडीचशे वर्षं माणसं बहुतेक त्या तटाच्या आतच वाढत राहिली. जागा वाढेना, म्हणून घरं वर चढली. सात मजले, आठ मजले, काही ठिकाणी दहाच्याही वर. मधल्या मजल्यांवर वकील आणि सरदार, अगदी वर आणि अगदी तळाला गरीब, आणि सगळ्यांना मिळून एकच जिना. नळ नाही, मोरी नाही. रात्री दहाला खिडक्या उघडायच्या, 'गार्डीलू!' म्हणून ओरडायचं आणि दिवसभराची घाण खाली रस्त्यावर ओतायची. ही आरोळी फ्रेंचवरून आली असं सांगतात. अर्थ, पाण्यापासून सांभाळा. 'पाणी' हा शब्द केवळ सभ्यपणाचा.

गाइड एवढं सांगतो आणि सगळी टूर एकदम मान वर करून खिडक्यांकडे बघते. बघा, सगळ्यांनीच वर बघितलं.

मग १७६७ मध्ये उत्तरेकडच्या नव्या शहराचा आराखडा पक्का झाला. रुंद रस्ते, बागा, मोकळी हवा. ज्यांना परवडलं ते दरी ओलांडून तिकडं गेले. मागं राहिलेल्या त्यांच्या दिवाणखान्यांच्या खोल्या झाल्या, खोल्यांचे कोपरे झाले, आणि कोपरेसुद्धा भाड्यानं गेले.

समोरची कमानींची इमारत नगरपालिकेची. १७५३ मध्ये ती व्यापाऱ्यांसाठी बांधायला घेतली, तेव्हा इथल्या बोळांमधल्या घरांचे वरचे मजले उतरवले आणि खालचे मजले पायात घेतले. त्यातलाच एक बोळ मेरी किंग्ज क्लोज. मेरी किंग ही कुणी हडळबिडळ नव्हती. व्यापार करणारी एक विधवा, १६४४ मध्ये वारली. पुढच्याच वर्षी प्लेग आला, आणि रोग्यांना या बोळात जिवंत चिणलं अशी कथा झाली. चिणलंबिणलं नव्हतं. घरात अडकून पडलेल्यांना बाहेरून अन्न पोचवलं जायचं. १९९२ साली एका जपानी बाईंना, मृतात्म्यांशी बोलू शकते म्हणणाऱ्या, इथल्या एका खोलीत आईला शोधणारी लहान मुलगी जाणवली. त्यांनी तिच्यासाठी एक बाहुली आणून ठेवली. तेव्हापासून लोक बाहुल्या आणून ठेवतात. आपण बाहेरूनच पुढं जाऊ.

(दृश्य : काउगेट. रस्त्यावरून जाणारी उंच कमान. खालून घेतलेला शॉट.)

हा साउथ ब्रिज. वरून शंभरदा गेलात तरी आपण पुलावर आहोत हे लक्षात यायचं नाही. दोन्ही बाजूंना दुकानं आणि घरं आहेत. पुलाला १९ कमानी. त्यातल्या १८ दोन्हीकडच्या इमारतींनी गिळल्या. उघडी राहिली ती ही एकच.

काम सुरू झालं १७८५ मध्ये, पूल खुला झाला १७८८ मध्ये. हाय स्ट्रीटवरून, म्हणजे रॉयल माइलच्याच मधल्या भागावरून, काउगेटची दरी ओलांडून विद्यापीठाकडे जाण्यासाठी. पण शहराच्या डोक्यात नुसता रस्ता नव्हता, बाजारपेठ होती. पुलाच्या कडेची जागा चढ्या भावानं विकली गेली, आणि आत, कमानींच्या पोटात, मधे पाटण घालून मजले काढले. सगळ्या मिळून सुमारे १२० खोल्या. वर रस्त्यावर दुकान आणि खाली कोठार. चांभार, चाकू-कात्र्या करणारे, दारूचे व्यापारी, सगळ्यांनी खोल्या घेतल्या.

पूल मात्र घाईत झाला. वर रस्ता, रस्त्याखाली भराव, भरावाखाली दगडी कमान. मधे पाणी अडवणारं काहीच घातलं नाही. एडिंबराचा पाऊस तुम्ही आत्ता बघताच आहात. तो रस्त्यातून भरावात आणि भरावातून सांध्यांत झिरपत राहिला. कातडं बुरसलं, माल सडला. काही वर्षांतच व्यापारी एकेक करून बाहेर पडू लागले.

खोल्या रिकाम्या राहिल्या नाहीत. ओल होती, खिडकी नव्हती, उजेडाला माशाच्या तेलाचा नाहीतर चरबीचा दिवा, तरी डोक्यावर छप्पर होतं. आयर्लंडमधून पोटासाठी आलेले, उत्तरेच्या डोंगरांतून जमीनदारांनी हुसकलेले, ज्यांना वर कोपराही परवडत नव्हता, ते इथं खाली आले. १८१५ मध्ये अबकारी अधिकाऱ्यांनी इथंच एक चोरटी दारूभट्टी पकडली. पुढं केव्हातरी या खोल्या मलब्यानं भरून टाकल्या आणि शहर त्या विसरलं.

१९८० च्या दशकात स्कॉटलंडचे माजी रग्बीपटू नॉरी रोवन यांना आत जायची वाट सापडली. (या माणसावर खरं तर वेगळी फिल्म व्हावी. १९८९ मध्ये रुमानियाचा खेळाडू क्रिस्टियान रादुकानू सामन्यानंतर आपल्या देशाच्या गुप्त पोलिसांच्या हातून निसटला, तो रोवन यांच्या मदतीनं, याच भुयारी वाटांतून.) मलबा उपसला तेव्हा त्यातून ऑयस्टरचे शिंपले निघाले, फुटक्या ताटल्या, औषधाच्या बाटल्या आणि खेळणी. ऑयस्टर तेव्हा गरिबाचं जेवण होतं.

हे शिंपले जरा वेळ पडद्यावर राहू द्या.

गाइड इथं बूट वाजवणाऱ्या एका माणसाची गोष्ट सांगतो. इथली सगळ्यात नावाजलेली असामी, 'मिस्टर बूट्स'. तो मागून येतो आणि कानात कुजबुजतो. २००१ मध्ये रिचर्ड वाइजमन या मानसशास्त्रज्ञांनी याच खोल्यांमध्ये एक प्रयोग केला. दोनशेहून अधिक माणसं, एकेका खोलीत एकेकटं बसवलेली. कुठली खोली बदनाम आहे हे कुणाला सांगितलेलं नव्हतं. तरीही गार झुळूक, कुणीतरी बघत असल्याचा भास, बदनाम खोल्यांमध्येच जास्त. मग त्यांनी खोल्या मोजल्या. उजेड किती, उंची किती, हवा कशी. लोकांचे भास बरेचसे त्या मापांच्या मागून चालत होते. थोडक्यात, खोलीच तशी आहे. माणूस तिथं दहा मिनिटं बसला तरी त्याला कसंतरी होतं.

आता गाइड विजेरी मालवतो.

(काळा पडदा. फक्त श्वास आणि ठिबकणारं पाणी. सात सेकंद.)

दुसरी संध्याकाळ. ग्रेफ्रायर्सची दफनभूमी. पाऊस तोच, गाइड दुसरा.

कबरींवरचे हे लोखंडी पिंजरे बघा. भूत बाहेर येऊ नये म्हणून बसवलेत, असं गर्दीत कुणीतरी म्हणतंच. खरं उलटं आहे. माणसांनी आत हात घालू नये म्हणून ते बसवले. वैद्यकीच्या शिक्षणाला प्रेतं कमी पडत, आणि ती उकरून विकणारे लोक होते. पिंजऱ्यांपाशी आलं की बर्क आणि हेअर यांची नावं निघतात. त्यांनी एकही कबर उकरली नाही. हेअरच्या घरी भाड्यानं झोपायची सोय होती. १८२७ मध्ये तिथला एक म्हातारा पेन्शनर ४ पाउंड भाडं थकवून मेला. दोघांनी भाडं वसूल करायला त्याचं प्रेत शरीररचना शिकवणाऱ्या डॉक्टर नॉक्स यांच्याकडे नेऊन ७ पाउंड १० शिलिंगांना विकलं. एवढे पैसे मिळाल्यावर पुढच्यांच्या मरणाची वाट बघायची गरज उरली नाही. वर्षभरात १६ खून. बर्कला २८ जानेवारी १८२९ रोजी फाशी झाली आणि त्याच्या प्रेताचीही चिरफाड झाली. सांगाडा विद्यापीठात आहे. १८३२ च्या कायद्यानं प्रेतांची टंचाई संपवली. आता वाली नसलेल्या गरिबांची प्रेतं रीतसर मिळू लागली.

(दृश्य : लोखंडी फाटक. कुलूप उघडणारा हात.)

हे फाटक एरवी बंद असतं. टूरसाठी उघडतं. याला कव्हेनंटरांचा तुरुंग म्हणतात. चर्चवर राजाचा हुकूम चालणार नाही, अशी शपथ घेतलेले हे लोक. १६७९ मध्ये बॉथवेल पुलाच्या लढाईत ते हरले आणि शेकडो कैदी इथं आणून कोंडले. कोंडले म्हणजे उघड्या मैदानात ठेवले. कॅमेऱ्यात दिसणारी ही दगडी दालनं तेव्हा नव्हतीच, ती नंतरच्या श्रीमंतांची थडगी. कैद्यांच्या डोक्यावर उन्हाळ्यापासून नोव्हेंबरपर्यंत फक्त आभाळ. उरलेल्यांना जहाजात घातलं, ते ऑर्कनी बेटांपाशी फुटलं, सुमारे दोनशे बुडाले.

त्यांच्यावर खटले चालवणारा सरकारी वकील म्हणजे जॉर्ज मॅकेन्झी, लोकांच्या तोंडी 'रक्तपिपासू मॅकेन्झी'. १६९१ मध्ये वारला. घुमटाचं हे काळं थडगं त्याचं. तीनशे वर्षं तो निवांत पडून होता. त्याचं भूत अगदी अलीकडचं. १९९० च्या दशकाच्या शेवटी, सांगतात की अशाच एका पावसाळी रात्री, एक बेघर माणूस आडोसा शोधत या थडग्यात शिरला. पायाखालची फळी मोडून तो खाली पडला आणि किंचाळत पळत सुटला. तेव्हापासून इथं आलेल्यांच्या अंगावर ओरखडे उठतात, माणसं चक्कर येऊन पडतात. तसे फोटो गाइडकडे आहेत, तो दाखवतोही. मॅकेन्झीचं नाव, हुद्दा, सन, सगळं तो न अडखळता सांगतो. त्या बेघर माणसाचं पुढं काय झालं, असं मी विचारलं. त्यानं खांदे उडवले आणि घड्याळ बघितलं. पुढची टूर यायची होती.

(दृश्य : मुलीचा चेहरा, थडग्याच्या दारात. मैत्रीण तिचा हात ओढते आहे. निवेदन नको.)

२००३ मध्ये दोन पोरांनी या थडग्यांमधून एक कवटी पळवली, खटला झाला. जुन्या शहरातली कितीतरी घरं आता पाहुण्यांना रात्रीच्या भाड्यानं जातात. २०२२ पासून त्यावर नियंत्रण आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात नगरपालिकेनं घरांच्या टंचाईबाबत आणीबाणी जाहीर केली.

(दृश्य : सकाळ. हाय स्ट्रीट. बोळाच्या तोंडावरची कमान, तिच्यावर कोरलेला पोराचा चेहरा.)

शेवटचं चित्रण दिवसाउजेडी केलं. पेझ्ली क्लोज. २४ नोव्हेंबर १८६१ च्या मध्यरात्रीनंतर इथली माणसांनी खच्चून भरलेली जुनी इमारत खचली आणि सगळे मजले एकमेकांवर बसले. ३५ माणसं गेली. ढिगारा उपसणारे आता थांबावं म्हणत होते, तेवढ्यात आतून एका पोराचा आवाज आला. तोच त्याच्या चेहऱ्याशेजारी दगडात कोरलाय. 'ओढा रे गड्यांनो, मी अजून मेलो नाही.' त्याला जिवंत बाहेर काढलं. पुढच्या वर्षी शहरानं आरोग्य अधिकारी नेमला, हेन्री लिटलजॉन. हे पद स्कॉटलंडमध्ये पहिलंच. कुठल्या बोळात किती माणसं राहतात आणि किती मरतात हे त्यांनी मोजलं, आणि १८६५ मध्ये अहवाल छापला.

पहिल्या संध्याकाळी आम्ही या दारापर्यंत आलोच नव्हतो. पुलाखालच्या खोल्यांकडे जायला टूर अलीकडेच वळते. इथं भूत नाही.

(दृश्य : कमानीखालून पिशव्या घेऊन आत जाणारी बाई. जिन्यावरच्या पावलांचा आवाज वर वर जातो. तो थांबेपर्यंत शॉट कापू नये.)