अडुळशाच्या पानातलं अल्कलॉइड

(दृश्य: बालाघाटचा उतार, बांधावरचा अडुळसा)

बीड जिल्ह्यात धारूर-अंबाजोगाईच्या बाजूला कुंपणाला अडुळसा लावतात, कारण पानं कडू, शेळी त्याला तोंड लावत नाही. वनस्पतींमधली औषधी द्रव्यं शोधणाऱ्याला सुरुवातीला एवढी खूण पुरते. अशा कडवटपणामागे अनेकदा अल्कलॉइड असतात, म्हणजे वनस्पतींमधली नायट्रोजनयुक्त, आम्लारीधर्मी द्रव्यं. अडुळशातलं मुख्य अल्कलॉइड व्हॅसिसिन. खोकल्याच्या औषधातलं ब्रोमहेक्सिन याच रेणूवरून पुढे तयार झालं.

पानं तोडण्याआधी फुलासकट एक फांदी कागदात दाबून ठेवायची. सोबत गाव, तारीख आणि तोडणाऱ्याचं नाव. गुळवेलीच्या बाबतीत तर हे टाळूच नये. तिच्या नावाखाली तिच्याच कुळातली दुसरी वेल सर्रास गोळा होते.

(दृश्य: माळवदाच्या खोलीत पसरलेली पानं)

खरा घोटाळा होतो वाळवणीत. एप्रिलमध्ये पत्र्याखाली पानं लवकर वाळतात खरी, पण त्या उष्णतेत व्हॅसिसिनचं ऑक्सिडीकरण होऊन व्हॅसिसिनोन वाढतं. माळवदाची (मातीच्या सपाट छताची) गार, वारा खेळणारी खोली बरी. पानं एका थरात पसरायची, रोज उलटायची. ओल राहिली तर बुरशी धरते. पान कडकन मोडलं की दळायचं आणि भुकटी हवाबंद डब्यात भरायची.

दहा ग्रॅम भुकटी १०० मिली मिथेनॉलमध्ये २४ तास भिजवून, मधूनमधून हलवून गाळायची. अर्क आटवताना ४५ अंशांच्या वर जायचं नाही. उरलेला चिकट अर्क २ टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात कालवून गाळून घेतला की अल्कलॉइड आम्लात उतरतात. हिरवा रंग आणि मेण पेट्रोलियम ईथरने काढून टाकायचं. मग अमोनियाने पीएच ९ ते १० वर नेऊन क्लोरोफॉर्मने अल्कलॉइड ओढून घ्यायचे. सेपरेटिंग फनेल (न मिसळणारे द्रव वेगळे करायचं तोटीचं काचपात्र) जोरात हलवलं तर मधे फेसाळ थर बसतो आणि तासन् तास फुटत नाही. हलकेच कलंडवत राहा, झाकण खाली धरून तोटीने वायू सोडा. थर बसलाच तर चिमूटभर मीठ. हे सगळं फ्यूम हूडखाली, म्हणजे वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटात.

हा खटाटोप टाळून कच्च्या अर्कावरच मेयरची चाचणी करणारे बरेच. मेयरचं द्रावण घातल्यावर अर्क गढूळ झाला की अल्कलॉइड आहे असं त्यात धरतात. पण त्या द्रावणाने प्रथिनंही गढूळ होतात, आणि वहीत ‘अल्कलॉइड आहे’ अशी नोंद पडते.

(दृश्य: काचेच्या टाकीतली सिलिका प्लेट)

पुढे टीएलसी, म्हणजे सिलिकाच्या पातळ थरावर द्रव चढवून घटक वेगळे करणं. द्रव असा: इथिल अॅसिटेट, मिथेनॉल, अमोनिया ८:२:०.२. टाकीत गाळणकागद लावून २० मिनिटं वाफ भरू द्यायची, नाहीतर डाग कडेला वाकडे चढतात. शेजारी शुद्ध व्हॅसिसिनचा ठिपका हवाच. अल्कलॉइड रंगवणारं ड्रॅजेनडॉर्फ द्रावण फवारल्यावर दोन्ही डाग सारख्याच उंचीवर नारिंगी दिसायला हवेत. शेपूट आली तर ठिपका जड झालाय. अर्क पातळ करून पुन्हा लावा.

डाग जुळला, तरी नेमकं प्रमाण कळायला एचपीएलसीसारखी (दाबाखाली द्रव नळीतून सोडून घटक मोजणारी) पद्धत लागते. डब्यावर वाळवणीची तारीख मात्र असावी, कारण भुकटी जुनी होत जाते तसा व्हॅसिसिनोनचा डाग ठळक होतो.