एकाच माळावरचे दोन तित्तिर

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या दख्खनच्या माळावरचे दोन तित्तिर आज तुमच्यापुढे ठेवतो आहे. एक राखी, दुसरा रंगीत. दोघंही जमिनीवर वावरणारे, आणि शिकाऱ्यांनी दोघांचीही पिढ्यान्‌पिढ्या पाठ घेतलेली. राखी तित्तिर गावाकडच्या बहुतेकांनी पाहिलेला असतो. रंगीत मात्र जवळच्या माळावर असूनही नजरेतून सुटतो. तो कधी नाहीसा झाला हे आपल्याला कळणारही नाही, अशी मला धास्ती वाटते.

आकाराने दोघांत फार फरक नाही. राखी साधारण ३३ सेंटिमीटर, रंगीत दोनेक सेंटिमीटरने कमी. ओळखायचं असेल तर गळा बघा. राखीचा गळा फिकट पिवळसर आणि त्याच्याभोवती बारीक काळी रेघ. रंगीतचा चेहरा आणि गळा तांबूस, अन् छातीपोटावर दाट पांढरे ठिपके. ऊन तिरपं असताना हे ठिपके दिसले की पाहतच राहावं! राखी नराच्या पायाला कोंबड्यासारखी टोकदार आरी, म्हणजे काटा, असते. रंगीतमध्ये ती नराला नाही, मादीलाही नाही.

आवाजाने तर दोघं डोळे मिटूनही ओळखता येतात. राखी वर्षभर, विशेषतः सकाळ-संध्याकाळ, ‘तितीतर-तितीतर’ असा खणखणीत ओरडतो. एकाने सुरुवात केली की पलीकडच्या बांधावरून दुसरा उत्तर देतो. आपल्या हद्दीत परका नर ओरडलेला त्याला खपत नाही, तो धावतच येतो. पारध करणाऱ्यांनी हा स्वभाव बरोबर हेरला होता. पिंजऱ्यात पाळलेला तित्तिर माळावर ठेवायचा, भोवती फासे लावायचे आणि वाट बघायची.

रंगीत तित्तिर एरवी जवळजवळ मुका. पाऊस पडून गवत वर आलं की मात्र त्याला कंठ फुटतो. दगडावर, वारुळावर, कधी चक्क झाडाच्या फांदीवर चढून तो मान ताठ करतो आणि ‘चीक-चीक-केर्रे’ अशी कर्कश साद घालतो. जून ते सप्टेंबर हा त्याच्या विणीचा काळ. पुण्याहून सासवडच्या बाजूला गेलात, तर या दिवसांत तो ऐकू येतो.

खरा फरक आहे तो जागेच्या निवडीत. राखीला कोरडा, काटेरी मुलूख मानवतो. बोरी-बाभळीच्या जाळ्या, शेताचा बांध, गावालगतची पडीक जागा, कुठेही तो निभावून नेतो. रात्री काटेरी झुडपात चढून बसतो. रंगीतला थोडा जास्त पाऊस आणि उभं गवत हवं. पवन्या, मारवेल, कुसळी ही गवतं गुडघ्याएवढी वाढलेली असली, की त्यातच जमिनीवर उथळ खळग्यात मादी अंडी घालते. पिल्लं अंड्यातून बाहेर पडली की लगेच आईमागे चालू लागतात. मुंग्या, वाळवी, बारीक किडे हे त्यांचं खाणं, आणि तेही गवताच्या बुडाशीच मिळतं.

म्हणून माळाला ‘पडीक जमीन’ म्हणणं मला सलतं. सरकारी कागदावर पडीक म्हटलं, की तिथे खड्डे घेऊन ग्लिरिसिडियाची झाडं लावली जातात, नाहीतर प्लॉट पडतात. हेतू चांगला असला तरी गवताळ माळावर झाडांची गर्दी केली, तर रंगीत तित्तिराचं घर मोडतं. राखी बांधाच्या आडोशाने तग धरेल. रंगीतला तसा पर्याय नाही.

शेतकरी मित्रांना एक विनंती आहे. पावसाळाभर बांधावरच्या गवताचा एखादा पट्टा न कापता राहू द्या, आणि नंतरही बांध पेटवू नका. मोकाट कुत्री माळावर सोडू नका, जमिनीवरची अंडी त्यांना सहज सापडतात. तित्तिर पकडणं, मारणं किंवा विकणं हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. कुठे विक्री होताना दिसली तर वनविभागाला जरूर कळवा.

आणि फोटो काढणाऱ्यांनो, मोबाइलवर तित्तिराचा आवाज वाजवून त्याला बाहेर बोलावू नका. विणीच्या दिवसांत नर खोट्या प्रतिस्पर्ध्यामागे उगाच धावत राहतो. सकाळी लवकर जा, गाडी रस्त्यावरच ठेवा आणि शांत उभे राहा. तो स्वतःहून दगडावर चढतो.

नमस्कार.