पांढरी एक दाब ना आजी

(पडद्यावर: पहाटेचा अंधार, चाळीची गॅलरी, आतून अगदी बारीक आवाजात स्केल)

ऐकू येतंय का बघा. आवाज बारीक आहे कारण व्हायोलिनच्या ब्रिजवर रबरी म्यूट लावलाय. पहाटेचे पावणेसहा, गिरगाव, आमची चाळ, दोन खोल्या आणि माणसं पाच. आजी उठलेली असते, बाबा पहिल्या शिफ्टला गेलेले असतात, आणि माझी धाकटी बहीण, घरी आम्ही तिला छोटीच म्हणतो, कपाटाकडे तोंड करून उभी असते, कारण कपाटात कपडे आहेत आणि कपडे आवाज पितात. हे तिचं तिनेच शोधून काढलंय.

आज ती जर्मनीत म्युझिक बॅचलर करतेय, मुख्य विषय व्हायोलिन. हे सगळं शूटिंग माझ्या मोबाईलवरचं आहे, तीन वर्षांचं, तेव्हा डॉक्युमेंटरी वगैरे काही डोक्यात नव्हतं. ती गेल्यावर आसपासच्या दोन-तीन घरांतून विचारायला लागले, की आमचा मुलगा गिटार वाजवतो, मुलगी पियानो शिकते, बाहेर डिग्री करायची तर काय करायचं, आणि दर वेळी मी तासभर बोलतोय असं व्हायला लागलं. म्हणून म्हटलं एकदाच नीट सांगू.

सुरुवात आजीच्या पेटीपासून. आजी भजनी मंडळात पेटी वाजवायची, सूर काळी एकचा, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून. छोटी आठ वर्षांची असताना तिला आपल्या पद्धतीचं व्हायोलिन लावलं, गायकी अंगाचं, मांडी घालून बसायचं आणि व्हायोलिनचं डोकं उजव्या पायाच्या घोट्यावर टेकवायचं. आमच्या घरात डी. के. दातारांचं नाव आणि प्रभाकर जोगांचं 'गाणारं व्हायोलिन' हे इतकं रोजचं होतं की व्हायोलिन म्हणजे गाणंच, दुसरं काही असतं हे तिला बारा वर्षांची होईपर्यंत माहीतच नव्हतं. मग एकदा शाळेतर्फे एनसीपीएला, नरिमन पॉइंटच्या थिएटरात, नेलं, सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची रिहर्सल होती, २००६ ला सुरू झालेला हा ऑर्केस्ट्रा, आणि घरी येऊन ती जेवलीच नाही. म्हणाली, दादा, इतके सगळे जण एकाच वेळी वेगवेगळं वाजवत होते आणि तरी भांडण नव्हतं.

(पडद्यावर: धोबीतलाव, म्युझिकच्या दुकानाची काच, तारांची पाकिटं)

मग धोबीतलावचे सर. नाव नाही सांगत, त्यांना आवडणार नाही. मूळचे गोव्याचे. त्यांच्या वडिलांची पिढी हिंदी सिनेमाच्या स्टुडिओत व्हायोलिन वाजवणारी. त्या काळात चाल बांधणारा बऱ्याचदा सरगममध्ये सांगायचा आणि गोव्याचे वादक ती स्टाफ नोटेशनमध्ये, म्हणजे पाच रेघांच्या पाश्चात्य स्वरलिपीत, उतरवून समोर ठेवून वाजवायचे, त्यामुळे सरांना दोन्ही भाषा कळायच्या आणि हे छोटीचं नशीबच म्हणायचं. तिला त्यांनी उभं केलं, व्हायोलिन हनुवटीखाली नेलं, तारा सा-प-सा-प वरून काढून जी-डी-ए-ई अशा लावल्या. सगळ्यात जास्त त्रास कशाने झाला माहितीये? मींडेने. तिचं बोट प्रत्येक स्वरावर घसरत जायचं, आणि सर म्हणायचे, "बाय, सुंदर आहे, पण इथे नको. इथे स्वरावर थेट उतरायचं, जिना नाही." दोन वर्षं लागली. आणि मींड गेली नाहीये, तिने फक्त ती कधी काढायची आणि कधी आत ठेवायची हे शिकलंय, हे मला खूप मोठं वाटतं.

आता खरं काम. झुबिन मेहतांचं उदाहरण सगळे देतात, मुंबईचा मुलगा, झेवियर्समधलं मेडिकलच्या आधीचं शिक्षण सोडून १९५४ ला अठराव्या वर्षी व्हिएन्नाला गेला. बरोबर आहे, पण त्यांच्या वडिलांनी, मेहली मेहतांनी, १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ही ऑर्केस्ट्रा उभी केली होती, त्या घरात कागदावरचं संगीत वाचणं हे पेपर वाचण्यासारखं असणार. आमच्या घरात ते कोणालाच येत नव्हतं. आपली मुलं कानाने तयार असतात, एकदा ऐकलं की वाजवतात, आणि कागद समोर ठेवला की अडखळतात. हे टॅलेंट कमी असल्यामुळे नाही, आपण लहानपणी वाचायला शिकवतच नाही म्हणून. एबीआरएसएम या ब्रिटिश बोर्डाच्या संगीत परीक्षांत ग्रेड पाच थिअरी किंवा त्याच्या जोडीची परीक्षा झाल्याशिवाय ग्रेड सहाचं प्रॅक्टिकल देता येत नाही, तेव्हा आम्हाला ती अडवणूक वाटली होती. आता वाटतं तो नियम आणखी खालून असायला हवा होता.

पहिलं वर्ष आम्ही इंग्लंडच्या मागे घालवलं. तिथली कॉन्झर्व्हेटोअर, म्हणजे वाजवणाऱ्यांची कॉलेजं, त्यांचे बरेचसे अर्ज यूकास कॉन्झर्व्हेटोअर्स नावाच्या वेगळ्या सिस्टीममधून जातात आणि म्युझिकची तारीख असते ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच, म्हणजे कोर्स सुरू व्हायच्या जवळजवळ एक वर्ष आधी. आम्हाला हे नोव्हेंबरमध्ये कळलं. ज्या एजंटकडे आम्ही पैसे भरले होते त्यांना इंजिनिअरिंग आणि एमबीएच्या तारखा पाठ होत्या, म्युझिकची नव्हती. मग फी बघितली. बाहेरच्या विद्यार्थ्याला वर्षाला पंचवीस हजार पाउंडांच्या वर, आणि कोर्स चार वर्षांचा. बाबा बेस्टमध्ये आहेत. त्यांनी तो आकडा वहीत लिहिला, रुपयात केला, आणि वही मिटली, काही बोलले नाहीत.

अजून एक गोष्ट जी कोणी सांगत नाही. ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसावर आठवड्याला वीस तास नोकरी करता येते, हॉटेलात, दुकानात, पण संगीतकार म्हणून पैसे घेऊन वाजवता येत नाही, कोर्सचाच भाग असलेली प्लेसमेंट सोडून. म्हणजे व्हायोलिन शिकायला गेलेल्या मुलीने कॉफी विकून पैसे मिळवायचे, लग्नात वाजवून नाही. कार्यक्रम करून फी काढेन असा हिशेब कोणी मांडत असेल तर आत्ताच थांबा.

जर्मनी सुचवली सरांनी. तिकडे चोवीस सरकारी म्युझिकहोखशूले, म्हणजे संगीताची कॉलेजं, आहेत आणि बहुतेक राज्यांत बाहेरच्या मुलांनाही ट्यूशन फी नाही. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात आहे, २०१७ पासून युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला १५०० युरो. पण फी नाही म्हणजे फुकट नाही हो. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंट लागतं, वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरून ठेवायचे आणि तिथे गेल्यावर महिन्याला ९९२ हातात येतात. त्यासाठी बाबांनी पीएफमधून उचलले, आईच्या पाटल्या गेल्या. स्कॉलरशिप मिळेलच असं जे सर्रास म्हटलं जातं त्यावर बसू नका, डीएएडी या जर्मन स्कॉलरशिप देणाऱ्या संस्थेची संगीतवाल्यांसाठीची मदत मुख्यतः पदवी झालेल्यांना असते. आणि नुसत्या बारावीवर तिथे सहसा थेट प्रवेश धरत नाहीत, कलेच्या कोर्सला काही ठिकाणी सवलत असते, काही ठिकाणी नसते, प्रत्येक ठिकाणी मेल करून विचारावं लागतं. छोटीने मधल्या काळात इथल्या कॉलेजात बीएचं पहिलं वर्ष केलं, ते वाया गेलं नाही.

(पडद्यावर: काळा घोडा, मॅक्सम्युलर भवनच्या पायऱ्या, छोटी वही घेऊन बसलेली)

भाषा. इन्स्ट्रुमेंटच्या कोर्सला साधारण बी वन किंवा बी टू, म्हणजे मधल्या पातळीचं जर्मन लागतं, काळ्या घोड्याला मॅक्सम्युलर भवनात तिने ए वनपासून, म्हणजे पहिल्या पायरीपासून, सुरू केलं. आणि तिथेही संगीताने गोंधळ घातलाच. इंग्लिशमध्ये ज्या स्वराला बी म्हणतात त्याला जर्मनमध्ये एच म्हणतात, आणि ते ज्याला बी म्हणतात तो इंग्लिशमधला बी फ्लॅट, म्हणजे बीच्या खालचा कोमल. ती रात्री झोपेत हे बडबडायची.

आणि पियानो! हे आम्हाला अगदी उशिरा कळलं. प्रवेश परीक्षेत व्हायोलिन मुख्य, पण बऱ्याच ठिकाणी थोडा पियानोही वाजवून दाखवावा लागतो, शिवाय थिअरीचा पेपर आणि कानाची परीक्षा, म्हणजे इंटरव्हल (दोन स्वरांमधलं अंतर) ओळखा, कॉर्ड (एकदम वाजलेले स्वर) ओळखा, चार मात्रांचा ताल ऐकून लिहा, चाल ऐकून लिहा. चौदा महिन्यांत शून्यापासून पियानो. खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे मुलाचा जुना कीबोर्ड होता, त्यांनी तो आम्हाला देऊन टाकला आणि वर म्हणाल्या, दुपारी वाजव गं, मला झोप छान लागते.

व्हिडिओ ऑडिशनचं सांगतो. आधी रेकॉर्डिंग पाठवायचं, त्यातून पास झालात तर बोलावणार. एडिट करायचं नाही, एका दमात, चेहरा आणि दोन्ही हात दिसले पाहिजेत. बाख या जर्मन संगीतकाराची एकट्या व्हायोलिनसाठीची रचना, एका कन्चेर्टोचा, म्हणजे व्हायोलिन आणि ऑर्केस्ट्रासाठीच्या रचनेचा, एक भाग आणि एक स्टडी, म्हणजे सरावाची रचना. आता गिरगावात शांतता कुठून आणायची? एका चर्चच्या हॉलमध्ये परवानगी मिळाली, पियानोवर साथीला सरांचे मित्र, पण पियानो पावसाळा खाऊन बसलेला, दोन पट्ट्या खाली गेल्या की वर यायच्या नाहीत. ट्यूनर आणला. मग हॉर्न, मग कुठेतरी वरात, मग कावळे. शेवटी रात्री दीड वाजता, फॅन बंद करून, घामाने हनुवटीखालचं व्हायोलिन सरकतंय, अकरावा टेक. तो हा.

(इथे रेकॉर्डिंग चाळीस सेकंद चालू द्यायचं, वर निवेदन नको)

चार ठिकाणी अर्ज केला. एकाने व्हिडिओवरच नाही सांगितलं, दोघांनी जूनमध्ये बोलावलं, चौथ्याने उत्तरच दिलं नाही. दोन्ही परीक्षा एकाच ट्रिपमध्ये बसवल्या, एकाच तिकिटाचे पैसे होते. पहिल्या ठिकाणी निकाल आला पास, आम्ही इकडे पेढे आणायला निघालो, आणि मग तिचा फोन, दादा थांब, पास आहे पण जागा नाही. असं असतं तिकडे, मार्क मिळतात पण वर्गात जितक्या खुर्च्या तितकीच मुलं घेतात. तिचा तो आवाज मला अजून आठवतो, रडत नव्हती, नुसती सपाट बोलत होती. पाच दिवसांनी दुसरी परीक्षा. व्हायोलिनचं वाजवणं साधारण पंधरा मिनिटं झालं असेल, तिच्या आठ वर्षांतली पंधरा मिनिटं. तिथे जागा मिळाली.

ऑक्टोबरमध्ये सेमिस्टर सुरू. पहिल्या हिवाळ्यात व्हायोलिन आजारी पडलं. मुंबईत जुलैत खुंट्या फुगून अडकायच्या, पिळता यायच्या नाहीत, तिकडे हीटरने हवा इतकी कोरडी की लाकूड आकसून खुंट्या सुटायला लागल्या, रात्रीत चारही तारा सैल. आता केसमध्ये ओलावा धरणारी नळी ठेवते, आणि हे निघताना कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून मी सांगतोय. वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करायची परवानगी आहे, ती सध्या लायब्ररीत पुस्तकं लावते.

आणि सगळ्यात अवघड निघाला कॉयर, म्हणजे समूहगान, ज्यात प्रत्येक गट वेगळी ओळ गातो. व्हायोलिनवाल्यांनाही गावं लागतं. तिला आल्टोची ओळ दिली, मधली. मुख्य चाल तिला एकदा ऐकून पाठ होते, पण आपल्या कानाला सवय एका चालीची आणि खाली एका साची, मधली ओळ धरून ठेवायची म्हणजे तिला वाटायचं आपण बेसूरच गातोय. वर सोप्रानो, खाली बास, आणि ही मध्ये चुकत जायची. प्रोफेसरांनी सांगितलं रोज एकटीने सराव कर, खाली एक स्वर धरून.

(पडद्यावर: आजीची खोली, भिंतीला टेकवलेला मोबाईल, समोर पेटी)

व्हिडिओ कॉलवर दोघांना एकत्र वाजवता येत नाही, आवाज मागेपुढे होतो. पण धरलेल्या एका स्वराला मागेपुढे होण्यासारखं काही नसतंच. म्हणून रोज रात्री आपल्या साडेनऊला आजी जेवण आवरून पेटीपाशी बसते. पेटी जुनी आहे, सूर किंचित उतरलेला आहे, छोटी म्हणते चालेल.

"काळी एक नको आजी, पांढरी एक दाब ना."

आजी पांढरी एक दाबते आणि भाता हलवत राहते. फोनमधून मधली ओळ येते, कुठल्या भाषेतली ते आजीला कळत नाही. एकदा चुकते, पुन्हा पहिल्यापासून. आजी हात बदलते, स्वर सोडत नाही.

"किती वेळ धरू गं?"

"अजून थोडा वेळ."