हौसेची शिकार आणि डोमिसाइल

नमस्कार मंडळी. डोमिसाइलचा दाखला काढायला तहसीलच्या लाइनीत उभं राहिला असाल तर आजचा विषय लगेच कळेल, फक्त गोष्ट अमेरिकेतली आहे आणि अ‍ॅडमिशनची नाही, शिकारीची आहे.

मोंटाना राज्यात एल्क असतं, आपल्या सांबराचा थोराड चुलतभाऊच म्हणा. 1976 साली तिथल्या रहिवाशाला एल्कचं लायसन 9 डॉलरला मिळायचं, आणि बाहेरच्या राज्यातल्याला नुसतं एल्कचं मिळायचंच नाही, अख्खं कॉम्बिनेशन लायसन (म्हणजे एल्कसोबत इतर प्राण्यांचंही) घ्या, 225 डॉलर मोजा! पंचवीसपट. मग मिनेसोटाचे काही शिकारी आणि मोंटानाचाच एक शिकार-गाइड (गिऱ्हाईक बाहेरचं ना त्याचं) कोर्टात गेले, की घटनेत तर लिहिलंय एका राज्याच्या माणसाला दुसऱ्या राज्यात तिथल्यासारखेच हक्क, मग हे काय?

1978 मध्ये सुप्रीम कोर्टाने 6 विरुद्ध 3 ने मोंटानाची बाजू घेतली. म्हणे ते कलम पोटापाण्यासाठी आहे, हौसेसाठी नाही. एल्क मोजके, त्यांना सांभाळतं राज्य, मग बाहेरच्याकडून जास्त घेतले तर बिघडलं कुठे.

आता गंमत बघा, 1948 मध्ये याच कोर्टाने उलटा निकाल दिला होता. साउथ कॅरोलिनाने कोळंबीच्या बोटीला लोकलसाठी 25 डॉलर आणि बाहेरच्यासाठी 2500 डॉलर फी लावली होती, ती कोर्टाने उडवली, कारण कोळंबी पकडणं हा कोळ्याचा धंदा, त्याच्या ताटात हात घालायचा नाही. म्हणजे हौसेला मोल नाही असं आपण म्हणतो, तिथे कोर्टानेच मोल लावू दिलं. मला स्वतःला ही रेघ पटते, पण त्या गाइडचं काय, त्याचं तर तेच पोट होतं ना?

तो पेच पुढे निघालाच. अ‍ॅरिझोनाने बाहेरच्यांना नर एल्कचे 10 टक्केच परवाने ठेवले, 2002 मध्ये अपील कोर्ट म्हणालं हा आंतरराज्य व्यापाराचा मामला आहे, अशी मर्यादा खरंच गरजेची आहे हे राज्याने आधी पटवून द्यावं. राज्यं हादरली, आणि 2005 मध्ये काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, कायदाच केला की लोकल आणि बाहेरचा असा फरक राज्यांना करता येईल.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हौसेची शिकारच बंद, म्हणून हा वाद नाही. पण नात्यातलं कोणी मोंटानाला शिफ्ट झालं असेल आणि लोकल रेट हवा असेल, तर सलग 180 दिवस तिथे राहावं लागतं, आणि हो, गाडीची नंबरप्लेटसुद्धा मोंटानाचीच लागते.