नोंदणीचा वाढदिवस जूनमध्ये आणा

नमस्कार श्रोतेहो. रविवारची सकाळ आहे, कुणाच्या घरी पोहे परतणं चालू असेल, आणि मी बोलणार आहे अमेरिकन सरकारच्या कागदपत्रांबद्दल: सरकारी कामासाठी लागणारी नोंदणी, सरकारच बंद पडलं तर कशी सांभाळायची. तेव्हा आधीच माफी मागून ठेवते.

आम्ही मेरीलँडमध्ये राहतो. आमची छोटी कंपनी आहे, सरकारी इमारतींमधल्या एसी यंत्रणांची देखभाल करते. पाना माझे यजमान धरतात, कागद मी धरते. कागद धरायची सवय माहेरची. माझे वडील साताऱ्याकडे पीडब्ल्यूडीचे ठेकेदार होते. मार्चअखेर, अडकलेलं बिल, साहेबांची सही हे शब्द मी पाढ्यांच्या आधी शिकले. पण २०१९ च्या जानेवारीत मी त्यांना फोनवर म्हटलं, "बाबा, इथलं सरकार बंद आहे," तेव्हा त्यांनी विचारलं, "पडलं का?" मी म्हटलं, पडलं नाही, बंद आहे. दोन मिनिटं पलीकडून आवाजच नाही.

त्यांचं बरोबर होतं. आपल्याकडे अर्थसंकल्प वेळेत झाला नाही तर लेखानुदान घेतात आणि गाडा चालू राहतो. लोकसभेत पैशाच्या विधेयकावर सरकार हरलं, तर सरकारच जातं. इथे दोन्ही होत नाही. इथलं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, त्याआधी खर्चाची १२ विधेयकं मंजूर व्हायला हवीत, नाहीतर तात्पुरती मुदतवाढ तरी. तीही नाही मिळाली, तर ज्या खात्याचा पैसा मंजूर नाही त्या खात्याचे बरेच लोक घरी बसतात. कायदा जुना, एकोणिसाव्या शतकातला. पण पैसा नाही तर कामही नाही, हा त्याचा कडक अर्थ १९८० मध्ये तेव्हाचे ॲटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी लावला. तेव्हापासून हा प्रकार, ज्याला शटडाउन म्हणतात. २०१३ मध्ये १६ दिवस. २०१८ च्या २२ डिसेंबरपासून ३५ दिवस. आणि २०२५ मध्ये १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर, ४३ दिवस, आधीच्या सगळ्यांपेक्षा लांब.

आता मुद्द्यावर येते. सरकारचं काम घ्यायचं तर सॅमवर नोंदणी लागते. सॅम डॉट गव्ह, म्हणजे सरकारची खरेदी आणि इमारती बघणाऱ्या जीएसए खात्याची वेबसाइट. तिथे तुम्हाला १२ अक्षर-अंकांचा यूईआय, म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक, मिळतो. मग संरक्षण खात्याच्या लॉजिस्टिक्स एजन्सीकडून ५ अक्षर-अंकांचा केज कोड, म्हणजे कंपनीची आणखी एक ओळख. आणि ही नोंदणी ३६५ दिवसांनी संपते. दरवर्षी नव्याने.

शटडाउन आला की आमच्या ओळखीतल्या नव्या कंपनीवाल्यांचा पहिला फोन असतो, "ताई, सॅम बंद आहे का हो?" बंद नसतं. २०२५ च्या त्या ४३ दिवसांतही वेबसाइट चालू होती, अर्ज भरता येत होता, बटण दाबलं की हिरवी खूण उमटत होती. फसगत तिथेच होते. बँकेचं शटर वर आहे, दिवे लागलेत, म्हणून आपण आत जातो, आणि काउंटरमागे कुणीच नाही, तसं. तुमचा अर्ज तीन दारांतून जातो. कंपनीचं नाव आणि पत्ता खरा आहे का, ही एक पडताळणी. नाव आणि कर क्रमांक आयआरएसच्या, म्हणजे इथल्या आयकर खात्याच्या, नोंदीशी जुळतात का, ही दुसरी. केज कोड ही तिसरी. सगळं जुळलं तर यंत्र परस्पर पुढे ढकलतं. एक अक्षर इकडेतिकडे झालं की अर्ज माणसापाशी जाऊन थांबतो, आणि शटडाउनमध्ये तो माणूस जागेवर असेलच असं नाही. २०२५ मध्ये ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आयआरएसचे जवळजवळ निम्मे लोक फर्लोवर, म्हणजे सक्तीच्या बिनपगारी रजेवर, गेले. कर क्रमांक जुळला नाही आणि आयआरएसकडून पत्र हवं असेल, तर ते कुणाकडे मागणार?

आमचीच गोष्ट सांगते. त्या ३५ दिवसांच्या शटडाउनमध्ये, जानेवारीत, आमची नोंदणी संपत होती. आठवण करून देणारे ईमेल ६० दिवस आधी, ३० दिवस आधी, १५ दिवस आधी येतात. आले होते. मी म्हटलं, दिवाळी होऊ दे. मग म्हटलं, थँक्सगिव्हिंग होऊ दे. शेवटी डिसेंबरच्या अखेरीस बसले, आणि त्याच वेळी हौसेने कंपनीचं नाव "नीट" केलं. राज्याच्या कागदावर आमच्या नावात दोन शब्दांमध्ये ते वळणदार चिन्ह आहे, ॲम्परसँड. कर क्रमांकाच्या मूळ पत्रावर तिथे 'अँड' असं अक्षरांत लिहिलेलं. मी राज्याचं खरं धरलं. कर क्रमांक जुळेना. मूळ पत्र घरात कुठे तरी होतं, सापडेना. दुसरं मागवायचं तर ज्या कार्यालयातून ते यायचं तिथे फोनवर एक ध्वनिमुद्रित बाई बोलायची, कार्यालय बंद आहे म्हणायची. मी तिचं बोलणं इतक्यांदा ऐकलं की मुलगा तिची नक्कल करायला लागला.

पत्र शेवटी सापडलं कुठे? मिक्सरच्या वॉरंटी कार्डाच्या पाकिटात. त्यावरचं नाव अक्षर न् अक्षर, स्वल्पविरामासकट, तसंच उतरवलं आणि दोन-तीन दिवसांत दार उघडलं. माणूस लागलाच नाही. म्हणजे सगळा घोळ एका चिन्हाचा, आणि तो माझा.

तेव्हा तुमचा अर्ज शटडाउनमध्ये अडकला असेल तर पहिलं काम हे. कर क्रमांक देताना आयआरएसने पाठवलेलं मूळ पत्र, ज्याला सीपी ५७५ म्हणतात, ते समोर ठेवा. नसेल तर नंतर मागवलेलं १४७सी. कर क्रमांकाच्या रकान्यात नाव पत्रावर आहे तसं. तुम्हाला आवडतं तसं नाही, व्हिजिटिंग कार्डावर आहे तसं नाही. पत्त्याला पोस्ट बॉक्स चालत नाही, खरी जागा लागते, आणि तो पत्ता दाखवणारा कागद, बँकेचं स्टेटमेंट किंवा विजेचं बिल, आधीच स्कॅन करून ठेवलेला बरा.

दुसरं, घाबरून नवा अर्ज सुरू करू नका. आमच्या ओळखीतल्या एका मुलाने तेच केलं. पहिला अर्ज पडताळणीत असताना दुसऱ्या ईमेलवरून दुसरा भरला. आता एका पत्त्यावर दोन कंपन्या दिसायला लागल्या, आणि त्यांतली खरी कुठली हे ठरवायला पुन्हा माणूसच लागला. आधीच्या अर्जाचा तिकीट नंबर लिहून ठेवा आणि त्याच्याच मागे लागा. केज कोडवाले काही विचारायला ईमेल करतात, त्याला मुदतीत उत्तर दिलं नाही तर अर्ज परत येतो. रोज सकाळी स्पॅमचा डबा उघडून बघा. खरंच बघा. आमचा एक ईमेल फर्निचरच्या सेलच्या जाहिरातींमध्ये चार दिवस पडून होता.

तिसरं, त्या काळात बँकेचं खातं किंवा पत्ता बदलायच्या भानगडीत पडू नका. २०१८ मध्ये सॅममधली काही कंपन्यांची खाती भामट्यांनी बदलून पैसे वळवण्याचे प्रकार उघड झाले. तेव्हापासून अशा बदलांकडे जरा जास्त बारकाईने बघतात.

भामट्यांवरून आठवलं. नोंदणी संपत आली की तुम्हाला फोन येतील. "तुमची नोंदणी रद्द होतेय, आम्ही सरकारतर्फे बोलतोय, इतके शे डॉलर भरा." सॅमची नोंदणी फुकट असते. पूर्णपणे फुकट. तुमचं नाव आणि मुदतीची तारीख सार्वजनिक असते, तिथूनच ते उचलतात. शटडाउनमध्ये त्यांचा धंदा जोरात, कारण माणूस घाबरलेला असतो. मदत हवी तर एपेक्स ॲक्सिलरेटर्स नावाची केंद्रं जवळजवळ प्रत्येक राज्यात आहेत, संरक्षण खात्याच्या पैशावर चालतात, पूर्वी त्यांना पीटॅक म्हणायचे. तिथले लोक शेजारी बसून अर्ज भरून देतात, पैसे न घेता.

आता निविदेचं. पुष्कळांना वाटतं, कार्यालय बंद म्हणजे निविदेची तारीखही आपोआप पुढे गेली. तसं गृहीत धरू नका. सीओला, म्हणजे ठेका देणाऱ्या कॉन्ट्रॅक्टिंग ऑफिसरला, ईमेल केलात तर "मी फर्लोवर आहे" एवढंच उत्तर येईल. तरी निविदा लिहिलेल्या तारखेला, लिहिलेल्या वेळेआधी पाठवा. नंतर मुदत वाढली तर वाढली. नोंदणीचा नियम मात्र थोडा सैल झालाय. पूर्वी निविदा भरल्यापासून काम मिळेपर्यंत एक दिवसही नोंदणी खंडित झालेली चालत नसे, त्यावरून चांगल्या कंपन्या बाद झाल्या, प्रकरणं कोर्टात गेली. २०२४ च्या नोव्हेंबरपासून निविदा देताना आणि काम देताना, या दोन वेळी नोंदणी चालू असली की पुरते. पण निविदा देताना नोंदणी संपलेली असेल तर सैल नियमाचाही उपयोग नाही.

पैशाचं सांगते, कारण शेवटी सगळं तिथेच येतं. २०१९ च्या कायद्यामुळे सरकारी नोकरांना घरी बसलेल्या दिवसांचा पगार नंतर मिळतो. ठेकेदाराला आणि त्याच्या माणसांना तो मिळत नाही. आमचा टेक्निशियन इमारतीच्या फाटकावरून परत आला, त्या दिवसाचे पैसे आमच्या खिशातून. म्हणून लेखी स्टॉप-वर्क ऑर्डर, म्हणजे काम थांबवायचा हुकूम, मागून घ्या, आणि त्या दिवसांत झालेला खर्च वेगळ्या खात्यात लिहा. ऑर्डर उठल्यावर भरपाईचा हक्क सांगायला ३० दिवस असतात, आणि तेव्हा वहीत नसेल ते कुणी मानत नाही. आधी दिलेल्या बिलाचं म्हणाल, तर बरोबर बिल मिळाल्यापासून साधारण ३० दिवसांत पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तर सरकार व्याज देतं, आणि पैसा मंजूर नव्हता ही सबब त्याला चालत नाही. हे बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "व्याज? सरकार?" पण यात एक मेख आहे. सॅममधली तुमची बँकेची माहिती चुकीची असेल, तर ते बिल बरोबर धरलंच जात नाही. मग ती दुरुस्त होईपर्यंत पैसेही थांबतात आणि व्याजही.

आणि बँकेची क्रेडिट लाइन शटडाउनच्या आधी घेऊन ठेवा. नंतर एसबीएची, म्हणजे छोट्या उद्योगांसाठीच्या सरकारी खात्याची, हमी असलेली नवी कर्जंही थांबतात, आणि एट-एसारख्या, छोट्या कंपन्यांना सरकारी कामात सवलत देणाऱ्या, प्रमाणपत्रांचे अर्जही. प्रत्येक शटडाउन वेगळा असतो, हेही ध्यानात असू द्या. श्रोत्यांत एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावाले पुष्कळ असतील, त्यांना हे लगेच कळेल. २०१८-१९ मध्ये लेबर खात्याचा पैसा आधीच मंजूर होता, म्हणून त्या व्हिसासाठी आधी लागणारे मंजुरीचे कागद, एलसीए, निघत राहिले. २०२५ मध्ये तेच खातं बंद, आणि ऑक्टोबरभर एलसीए ठप्प. तेव्हा बातम्यांत "शटडाउन" ऐकून थांबू नका, आपल्या कामाच्या खात्याचं विधेयक झालंय का ते बघा.

आता आमची युक्ती. नूतनीकरणासाठी मुदत संपायची वाट बघावी लागत नाही. कधीही करता येतं, आणि पुढचे ३६५ दिवस तिथूनच मोजले जातात. म्हणजे नोंदणीचा वाढदिवस आपल्याला हलवता येतो! शटडाउनचा धोका ऑक्टोबरात, आणि तात्पुरत्या मुदतवाढी संपतात त्या डिसेंबर, जानेवारी, मार्चच्या सुमारास. आमची तारीख जानेवारीत होती, नेमकी तोंडाशी. त्या वर्षी जूनमध्ये मी काही कारण नसताना परत नूतनीकरण केलं. सगळे जागेवर, फोन दुसऱ्या रिंगला उचलला. तेव्हापासून दर जूनला.

स्वयंपाकघरात मराठी कॅलेंडर लावलंय, त्यात जूनच्या पानावर मी लाल पेनाने लिहून ठेवते. एका वर्षी ते नेमकं वटपौर्णिमेच्या चौकटीत आलं. सासूबाई भारतातून आल्या होत्या. कॅलेंडरसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या, मग चष्मा पुसला, आणि हळूच मला म्हणाल्या, "वटपौर्णिमेला हा सॅम कोण गं?"