आहारतज्ज्ञ व्हायचंय? मग केमिस्ट्री टाळू नका

श्रोतेहो, नमस्कार.

बारावीचा निकाल लागला की घराघरांत एकच विषय असतो, पुढे काय? अलीकडे या चर्चेत आहारशास्त्राचं नाव बरंच ऐकू येतं. गोव्यातल्या, पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या मुली, आणि आता मुलंही, मला विचारतात, "मॅडम, डाएटिशियन व्हायला काय करावं लागतं?" त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न ठरलेला, "केमिस्ट्री घ्यावीच लागते का?" आज मी मुख्यतः या दुसऱ्या प्रश्नावर बोलणार आहे.

हो, घ्यावी लागते. नुसती घ्यायची नाही, मन लावून शिकायची. कारण आपल्या राज्याला चांगल्या आहारतज्ज्ञांची तातडीची गरज आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. देशातल्या प्रौढांत मधुमेहाचं प्रमाण ११.४ टक्के निघालं आणि गोव्यात २६.४ टक्के, सगळ्या राज्यांत सर्वांत जास्त. म्हणजे चार माणसं जेवायला बसली, तर त्यांतल्या एकाच्या ताटाचा विचार वेगळा करायला हवा. तो विचार कोणी करायचा? मोबाइलवर आलेला डाएट चार्ट पुढे पाठवणाऱ्यांनी?

आधी वाट थोडक्यात सांगते. आपल्या देशात 'रजिस्टर्ड डाएटिशियन' ही मान्यता इंडियन डाएटेटिक असोसिएशनच्या परीक्षेतून मिळते. ही संस्था १९६३ पासून काम करते आहे. त्या परीक्षेला बसायचं तर पदवीनंतर आहारशास्त्रातलं पदव्युत्तर शिक्षण लागतं आणि रुग्णालयात प्रत्यक्ष इंटर्नशिप लागते. पदवी कोणती, तर होम सायन्स, पोषणशास्त्र किंवा त्याला जवळचा विषय. गोव्यात पणजीला कांपालचं होम सायन्स कॉलेज आहेच. पण या सगळ्याच्या मुळाशी जे विषय असतात, म्हणजे रसायनशास्त्र, जीवरसायन, शरीरक्रियाशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, संख्याशास्त्र, तेच मुलांना नकोसे वाटतात. "मला लोकांना काय खायचं ते सांगायचंय, ही समीकरणं कशाला?" असं त्यांना मनापासून वाटतं.

कशाला, ते आपल्या पेजेवरून सांगते.

आपल्याकडे उकडे तांदूळ खातात. भात भिजवायचा, उकडायचा, उन्हात वाळवायचा आणि मग कांडायचा किंवा गिरणीवर न्यायचा. उकडताना कोंड्यातलं ब१ जीवनसत्त्व पाण्याबरोबर दाण्यात आत शिरतं. त्यामुळे नंतर कोंडा निघून गेला तरी ते बरंचसं तांदळातच राहतं. सुरय, म्हणजे न उकडलेल्या तांदळाचं तसं होत नाही. तो पॉलिश केला की कोंड्याबरोबर जीवनसत्त्वही जातं. नुसत्या पॉलिशच्या तांदळावर राहणाऱ्या माणसांना बेरीबेरी हा आजार व्हायचा. पाय बधिर व्हायचे, हृदय थकायचं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर ख्रिस्तियान आइकमन या डच डॉक्टरनं पाहिलं, की पॉलिशचा भात खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की त्या पुन्हा उभ्या राहतात. त्या कामासाठी त्यांना १९२९ साली नोबेल मिळालं. आपल्या देशात १९१८ मध्ये कुन्नूरला बेरीबेरीच्या शोधासाठी एक छोटंसं केंद्र निघालं. तेच वाढत वाढत आज हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था झालं आहे. आहारशास्त्राचा एवढा मोठा डोलारा तांदळाच्या कोंड्यातून उभा राहिला, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

आता पुढचं ऐका. ब१ पाण्यात विरघळतं. भात वेळून पाणी ओतून दिलं की त्यातलं काही वाहून जातं, पेज मात्र आपण पाण्यासकट पितो. म्हणून अशक्त माणसाला आम्ही सांगतो, पाणी फेकू नका. पोटॅशियमही पाण्यात विरघळतं. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाच्या रक्तात पोटॅशियम साचलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, जीवावर बेततं. त्याच्या घरच्यांना आम्ही सांगतो, भाजी बारीक चिरा, भरपूर पाण्यात उकडा आणि ते पाणी ओतून द्या. शहाळ्याच्या पाण्यातही पोटॅशियम असतं, म्हणून तेही बंद. एकाच गुणधर्मावरून दोन घरांना अगदी उलट सल्ला. कोणत्या घराला कोणता, हे 'उकडलेलं खावं की कच्चं' अशा पाठ केलेल्या नियमानं ठरत नाही. विरघळणं म्हणजे काय हे रसायनशास्त्रात शिकलेलं असावं लागतं आणि मूत्रपिंड काय गाळतं हे शरीरक्रियाशास्त्रात. ज्यानं हे दोन्ही विषय टाळले, तो आजारी शेजाऱ्याला प्रेमानं शहाळं नेऊन देईल आणि आपण काय केलं हे त्याला कळणारही नाही.

सूक्ष्मजीवशास्त्राचंही असंच आहे. शिजवलेला भात पावसाळ्यातल्या दमट हवेत रात्रभर उघड्यावर राहिला, तर बॅसिलस सेरिअस नावाचा जंतू त्यात वाढतो. त्याचे बीजाणू शिजवताना मरत नाहीत आणि उलट्या घडवणारं त्याचं विष पुन्हा गरम केल्यानंही जात नाही. नळीवाटे आहार घेणाऱ्या रुग्णासाठी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात जे मिश्रण करतात, ते किती वेळ बाहेर ठेवायचं, हे आहारतज्ज्ञाला सांगावं लागतं.

संख्याशास्त्राला सगळेच घाबरतात. फार खोलात जात नाही, एकच सांगते. प्रोटीनचा किंवा लोहाचा शिफारशीतला आकडा आपण वाचतो, तो सरासरी माणसाच्या गरजेचा नसतो. जवळजवळ सगळ्या निरोगी माणसांची गरज भागावी म्हणून तो सरासरीच्या वर धरलेला असतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या तक्त्यांत सरासरी गरज आणि शिफारस असे दोन वेगळे आकडे दिले आहेत. हा फरक कळला नाही तर धडधाकट माणसालाही आपण 'तुम्हाला कमतरता आहे' असं सांगून मोकळे होतो.

आणि मानसशास्त्र. साखर वाढलेली एखादी आजी समोर बसते. विचारलं, "आजी, दिवसात भात किती वेळा?" ती म्हणते, "दुपारी एकदाच गं बाई. रात्री पोळी खाते." चार्टवर एकदा भात असं लिहून आपण मोकळे. पण जरा थांबून विचारलं, "सकाळी अकराच्या सुमाराला काय घेता?" तर म्हणते, "तेव्हा पेज, वाडगाभर." ती खोटं बोलत नव्हती. तिच्या लेखी पेज म्हणजे जेवणच नव्हे. काल सकाळपासून काय काय खाल्लं हे कसं विचारायचं, तोंडी लावायला खारं नुस्तं, म्हणजे खारवलेली सुकी मासळी होती का, हुमणात, म्हणजे माशांच्या आमटीत नारळ किती, कोणते वार शिवराक, म्हणजे शाकाहारी, हे सगळं शिकावं लागतं आणि समोरच्याला न दुखावता विचारावं लागतं.

परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडं. अमेरिकेत १ जानेवारी २०२४ पासून रजिस्टर्ड डाएटिशियनच्या परीक्षेला बसायला पदव्युत्तर पदवी सक्तीची झाली आहे. त्या अभ्यासक्रमाला प्रवेश देण्याआधी तिथली विद्यापीठं साधारणपणे सामान्य आणि सेंद्रिय रसायन, जीवरसायन, शरीररचना, सूक्ष्मजीवशास्त्र, संख्याशास्त्र, मानसशास्त्र हेच विषय मागतात, काही विषय प्रयोगशाळेसकट. काही ठिकाणी फार वर्षांपूर्वी केलेला विषय धरत नाहीत. ब्रिटनमध्ये नोंदणी नसताना स्वतःला डाएटिशियन म्हणवणं कायद्यानं गुन्हा आहे. तेव्हा कॉलेज सोडताना प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम, तास आणि प्रात्यक्षिकांची नोंद, सही-शिक्क्यासह, घेऊन ठेवा. पुढे ती मिळवताना नाकीनऊ येतात.

आईवडिलांना माझी कळकळीची विनंती आहे. काही आठवड्यांत घरबसल्या 'न्यूट्रिशनिस्ट' करून देण्याच्या जाहिराती फोनवर येतात, फी भरपूर असते. पैसे भरण्याआधी तिथे विचारा, प्रयोगशाळा आहे का? रुग्णालयातली इंटर्नशिप कुठे? आणि या शिक्षणावर रजिस्टर्ड डाएटिशियनच्या परीक्षेला बसता येतं का? उत्तर लेखी मागा. नाही मिळालं तर मुलीला घेऊन सरळ कांपालला जा, तिथल्या शिक्षकांशी बोला आणि प्रयोगशाळा स्वतःच्या डोळ्यांनी बघून या.

नमस्कार.